विज्ञानाच्या बाईंचे केस

"हिच्या डोक्यावर काय कापूस फुटला काय?" सर म्हणाले.

पडद्यावर आमच्या विज्ञानाच्या बाई उभ्या होत्या. निळी सुती साडी, हातात परीक्षानळी, चेहऱ्यावर पहिल्या तासाचा उत्साह. भुवयांपर्यंत सगळं ठीक होतं. त्याच्या वर जे सुरू होत होतं त्याला केस म्हणणं अवघड होतं. तो काळा धूर होता, आणि बाईंनी मान वळवली की त्या धुरात मुंग्या चुळबुळायच्या.

"कुरळे आहेत सर," मी म्हणाले.

"कुरळे नाही बाप्पा. हे बोंड फुटलं. आता व्यापारी येईल जिना चढून भाव सांगायले."

वर्ध्यात एका मोबाईलच्या दुकानाच्या वर आमचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली, एक कूलर आणि तिघं माणसं. सर मालक होते. मी संगणकावर पात्रं घडवायचे. ती हलवायचं, चालवायचं, बोलवायचं काम माझा एक सहकारी करायचा. तो कारंज्याचा, हायवेवर त्याच्या वडिलांचा ढाबा होता, आणि कुठल्याही प्रश्नाकडे तो उकळायला ठेवलेल्या भाजीकडे बघावं तसा बघायचा. घाई नाही, पण नजर हटत नाही.

काम मोठं होतं. जिल्ह्यातल्या शाळांमधल्या टीव्हीवर दाखवायचे विज्ञानाचे धडे करायचे होते. एक नमुना धडा समितीला दाखवायचा. पसंत पडला तर पुढचे सगळे आमचे. धड्यात शिकवणाऱ्या बाई वर्धा जिल्ह्यातल्या वाटाव्यात, अशी समितीचीच अट होती. ती अट मी मनापासून वाचली. तीच चूक झाली, असं सर पुढे अनेकदा म्हणाले.

आमच्या धंद्यात केस तयार मिळतात. संगणकावरच त्यांची दुकानं असतात. टोप उचलावा तसे केस उचलायचे आणि पात्राच्या डोक्यावर ठेवायचे. मी 'भारतीय स्त्री' असं शोधलं. समोर आले ते कमरेपर्यंत लोळणारे, सरळ, रेशमी केस. त्या केसांना ऊन ठाऊक नव्हतं, धूळ ठाऊक नव्हती, मे महिन्यात एसटीच्या खिडकीपाशी बसणं तर मुळीच ठाऊक नव्हतं. मग मी 'कुरळे' शोधलं. चेटकीण निघाली, वेडी बाई निघाली, दोन दरोडेखोर निघाले आणि एक मेंढी. त्यातल्या त्यात मेंढीचे चांगले होते.

माझं डोकं तापलं. ते तापायला वेळ लागत नाही, कारण मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. माझे बाबा तहसीलमध्ये कारकून होते आणि उरलेला सगळा वेळ त्यांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. गुलाबी, पिवळा, हिरवा, हाताला रंग लागणारा पातळ कागद. 'जाहीर निषेध', 'जाहीर आवाहन', 'बांधवांनो, जागे व्हा'. अंकलिपीच्या आधी मी 'हुकूमशाही' हा शब्द वाचला, अर्थ कळायच्या आधी त्याचा ठसका कळला. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी चित्रं काढायचे. मागची शाई झिरपून माझ्या प्रत्येक बाहुलीच्या गालावर उलटी अक्षरं उमटायची. दुसऱ्यांच्या मुली सुंदर चेहरे काढायच्या. माझ्या बाहुल्यांच्या चेहऱ्यावर मागण्या असायच्या.

तर मी ठरवलं की विज्ञानाच्या बाईंचे केस कुरळे असतील, आणि ते माझ्या आईचे असतील.

आई वडनेरजवळच्या एका शाळेत विज्ञान-गणित शिकवते. तिचे केस म्हणजे घट्ट वळलेल्या स्प्रिंगा. लहानपणी तिच्या वर्गशिक्षिकेने त्यांना जाळं म्हटलं होतं. लग्नाच्या फोटोत तिच्या डोक्याला इतकं तेल चोपडलंय की व्हार्निश केल्यासारखं दिसतं. शाळेतली पोरं मागून 'शेवयावाल्या मॅडम' म्हणतात. सोबतच्या शिक्षिका दर उन्हाळ्यात केस सरळ करायचं नवं औषध सुचवतात, आणि आई दर उन्हाळ्यात ते लिहून घेते आणि आणत नाही.

एका रविवारी मी गावी गेले. आईने केस धुतले आणि अंगणात उन्हात खुर्ची टाकून बसली. मी समोरून, बाजूने, मागून, स्टुलावर चढून वरून फोटो काढत सुटले.

"काऊन वं, पंचनामा करून राह्यली काय?" आई म्हणाली.

"हलू नको. भांगाजवळचे केस कसे उगवतात ते पाहून राह्यली."

"जसे साऱ्यांचे उगवतात तसेच. खालून वर." थोड्या वेळाने तिने विचारलं, "मंग हे खरंच टीव्हीवर दिसन?"

"साऱ्या जिल्ह्यात दिसन."

 दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिचा फोन आला. "सांगतलं मी स्टाफरूममध्ये. टीव्हीतल्या मॅडमचे केस माह्ये राहीन म्हणून. साऱ्या पाहूनच राहिल्या माह्याकडे. आता तोंडघशी पाडू नको मले."

प्रश्न इतकाच होता, आणि तो माझ्या आजवरच्या सगळ्या पत्रकांपेक्षा अवघड होता. आईचे केस पडद्यावर उतरवायचे होते, आणि पडद्यावर धूर दिसत होता.

त्याचं कारण आता सांगायला हरकत नाही. डोक्यावरचे हजारो केस आम्ही एकेक काढत नाही. थोडेसे केस हाताने वळवायचे. बाकीचे त्यांच्या मागे आपोआप वळतात. त्या पुढच्या केसांना मार्गदर्शक म्हणतात. आता आमच्या घरात 'मार्गदर्शक' हे प्रकरण फार जवळून पाहिलेलं. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी त्यांची मोठ्या टाइपातली नावं असायची. काम खाली बारीक टाइपातली माणसं करायची. हजारोंनी मुकाट चार जणांच्या मागे वळायचं, ही व्यवस्था मी निदान माझ्या हातातल्या डोक्यावर तरी चालू देणार नव्हते. मी मार्गदर्शक नावापुरते ठेवले आणि प्रत्येक केसाला त्याचं त्याचं स्वतंत्र वळण दिलं. कुणी कुणाच्या मागे नाही, कुणी कुणाला चिकटून नाही. सगळे समान, सगळे मोकळे.

परिणाम वर सांगितलाच आहे.

सरांनी उपाय सुचवायला सुरुवात केली. पहिला उपाय तेल. "चपटे करून टाक. चमकते पण, बसते पण." मी नकार दिला. दुसरा उपाय डोक्यावरून पदर. मी त्यांना पदर आणि विज्ञान यांच्या परस्परसंबंधावर दहाएक वाक्यं ऐकवली. ते शांतपणे सुपारी कातरत राहिले. तिसरा उपाय मात्र अस्सल आमच्या भागातला होता.

"आपल्या इकडच्या पोरी गाडीवर कशा जातात?" सर म्हणाले. "पूर्ण डोक्याले स्कार्फ. तोंडाले पण. फक्त डोळे. बांधून टाक! केसाचा प्रॉब्लेम गेला, अन् वर्धेची वाटली पाह्यजे हे पण झालं."

"सर, तोंड झाकल्यावर बाई बोलताना कशा दिसतील?"

"मंग तर अजूनच बेस! ओठ हलवाचं काम वाचलं."

माझा सहकारी हे ऐकून मनापासून विचारात पडला. ओठ हलवणं त्याच्याच वाट्याचं काम होतं.

त्या आठवड्यात गावी गेले तेव्हा मी बाबांपुढे सगळा अन्याय मांडला. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "मागण्या काय आहे?" आमच्या घरात दुःख असं कुणी विचारत नाही, मागण्या विचारतात. जेवणं होईपर्यंत माझ्या हातून पत्रकाचा मसुदा तयार झाला होता. 'केसांच्या प्रश्नावर जाहीर निवेदन.' सरळ केसांची मक्तेदारी संपुष्टात आलीच पाहिजे. कुरळ्या केसांना चेटकिणीच्या दालनातून मुक्त करा. सौंदर्याच्या बाजारू कल्पनांचा धिक्कार असो. बाबांनी वाचून दोन ठिकाणी उद्गारचिन्हं वाढवली आणि म्हणाले, "पहिली मागणी जोरदार नाई." मी ती जोरदार केली. आई बाजूला पोळ्या झाकत होती. तिने वाचायला मागितलं, पण तोवर बाबांनी कागद घडी करून खिशात टाकला होता. हिंगणघाटला छापायला द्यायचा होता.

पत्रक छापून आलं. केस जिथल्या तिथे होते.

शेवटी एका दुपारी सहकाऱ्याने खुर्ची माझ्या बाजूला ओढली. "ताई, तुमच्या आईचे फोटो दाखवा बरं." त्याने ते खूप वेळ पाहिले. मग म्हणाला, "ह्याच्यात एकटा केस कुठे आहे?"

मी शोधू लागले. नव्हता. केस बटांमध्ये होते. दहा-वीस केस एकमेकांना धरून एक बट. त्या बटेचं वळण एक, शेजारच्या बटेचं वेगळं. मोठ्या बटेच्या पोटात लहान बटा. आणि सगळ्यांपासून फुटून, कपाळाशी, मानेशी, उन्हात चमकणारे काही चुकार केस.

"घाम राहते, तेल राहते, धूळ राहते," तो म्हणाला. "चिकटतात एकमेकाले. तुम्ही साऱ्यायले मोकळं सोडलं, म्हणून भुसा झाला."

मी ताबडतोब वाद घातला. एकजुटीच्या नावाखाली गट पाडायचे आणि गटांवर पुढारी बसवायचे, हा कावा मला शिकवू नका, वगैरे. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या बाबांची संघटना आहे ना? किती एकजूट आहे तिच्यात?"

आता हे घरचं दुखणं होतं. बाबांची संघटना मंचावर कोण बसणार यावरून फुटली. फुटलेला गट मंचावर कोण बसलं यावरून पुन्हा फुटला. एक काका असे आहेत की ते एकटेच एक संघटना आहेत. त्यांचं स्वतःचं लेटरहेड आहे, शिक्का आहे, आणि ते स्वतःला ठराव पाठवतात. पण वस्तीतल्या बुद्धविहाराच्या छताचं काम निघालं की हे सगळे येतात, आपापल्या कोपऱ्यात उभे राहतात, एकमेकांशी न बोलता एकाच घमेल्याला हात लावतात. लांबून पाहिलं तर तो समाज दिसतो.

मी मार्गदर्शक परत आणले. जड मनाने आणले. केसांच्या मोठ्या बटा केल्या, त्यांच्यात लहान बटा केल्या, आणि लेटरहेडवाल्या काकांसारखे काही केस मुद्दाम एकटे सोडले. पडद्यावरचा धूर पहिल्यांदा थांबला आणि त्याच्या जागी डोकं दिसायला लागलं. काका नसते तर ते डोकंही खोटं दिसलं असतं. एकटे केस काढून पाहिले तर लगेच टोप वाटायचा.

पुढचे प्रश्न सुटायला मग फार वैचारिक संघर्ष लागला नाही. मी केसांना शुद्ध काळा रंग दिला होता, कारण मला गोरेपणाशी कसलीही तडजोड करायची नव्हती. पण शुद्ध काळा रंग उजेड गिळतो. त्यात वळणं दिसत नाहीत, भोक दिसतं. आईच्या फोटोत पाहिलं तर उन्हातल्या बटा पिकल्या जांभळासारख्या होत्या, कडेला तांबूस. तसा रंग दिला आणि प्रत्येक बटेवर उजेडाची वेगळी रेघ उमटली. मुंग्या चुळबुळायच्या त्याचं कारण असं की लांबून पाहताना केस पडद्याच्या ठिपक्यापेक्षाही बारीक होत होता. यंत्राला तो धड दिसत नव्हता आणि धड लपतही नव्हता. बाई लांब गेल्या की केस थोडा जाड करायचा आणि संख्येने कमी करायचा, एवढं केलं आणि मुंग्या गेल्या. मला ही तोड फारशी तत्त्वाची वाटली नाही. पण काम झालं.

बाईंच्या खांद्यावर मोकळे कुरळे केस हलताना पाहून मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

"छान आहे," सर म्हणाले. "पण मी दुसरा पण करून ठेवला. सेफ्टी म्हणून." त्यांनी तो रेशमी टोप माझ्या बाईंच्या डोक्यावर बसवून एक वेगळा धडा तयार ठेवला होता. "समितीले जो आवडन तो. धंदा आहे ताई, आंदोलन नाही."

समितीची बैठक वर्ध्यालाच एका सभागृहात होती. शासनदरबारी कशावरही मत हवं असलं की शिक्षकांना बोलावतात. तसे तालुक्यातालुक्यातून शिक्षक बोलावले होते. हिंगणघाट तालुक्यातून आलेल्यांत आई होती. तिच्या स्टाफरूममधल्या दोघी तिच्या शेजारी बसल्या होत्या. मी दारात उभी राहून प्रत्येकाच्या हातात पत्रक दिलं. आईच्याही हातात दिलं. तिने चष्मा लावून ते वाचायला घेतलं.

मंचावर मधोमध समितीचे मुख्य साहेब बसले होते. आलूबोंडे आले. साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं, प्लेट दिसली नाही, आणि माझ्या निवेदनावर आलूबोंडा ठेवला. जोरदार केलेली पहिली मागणी बघता बघता तेलाने पारदर्शक झाली.

सरांनी आधी रेशमी केसांचा धडा लावला. बाईंनी मान वळवली की केसांचा पडदा इकडून तिकडे जायचा. बाई दाब आणि घनतेबद्दल बोलत होत्या, पण वाटत होतं की शेवटी शाम्पूची बाटली दाखवतील. सभागृह खूश झालं. मी आईकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघतच नव्हती. शेजारच्या दोघी मात्र पडद्याकडे बघत होत्या आणि मग तिच्याकडे.

मी उभी राहिले. "साहेब, दुसराही धडा आहे. तोच खरा आहे."

"ह्याच काय त्या पत्रकवाल्या मॅडम?" साहेबांनी विचारलं आणि तेलकट बोट कागदाला पुसलं. "लावा, लावा."

माझा धडा सुरू झाला. मोकळे, दाट, कुरळे केस. बटांवर तांबूस ऊन.  मग मागच्या रांगेतून एक मॅडम म्हणाल्या, "बाईले आज विंचराले वेळ नाई भेटला वाटते!"

सभागृह हसलं. मंचही हसला. आईच्या शेजारच्या दोघी हसल्या नाहीत, पण त्यांनी माना खाली घातल्या, ते जास्त वाईट होतं. मी निवेदनाची दुसरी मागणी मोठ्याने वाचायला तोंड उघडलं.

तेवढ्यात आईने हात वर केला. वर्गात पोरं करतात तसा, कोपर सरळ. आईने आजवर कुठल्याही कार्यालयीन बैठकीत हात वर केलेला नव्हता.

"बोला मॅडम," साहेब म्हणाले.

आई उभी राहिली. "सर, हे केस माझे आहेत." सगळे वळून तिच्याकडे पाहायला लागले, तिच्या घट्ट बांधलेल्या वेणीकडे, आणि वेणीला न जुमानता कपाळावर उभ्या राहिलेल्या बारीक वळणांकडे. "ही पोरगी माझी आहे. केस तिने बरोबर बनवले. पण मी असे मोकळे सोडून वर्गात जात नाही. समोर स्पिरिटचा दिवा असतो, चाळीस पोरं असतात. ह्या बाई पहिल्याच प्रयोगात पेटतीन."

आता वेगळं हसू आलं. मागच्या रांगेतल्या त्या मॅडमही हसल्या.

"कुरळेच ठेवा," आई म्हणाली. "सरळ नका करू. पण वेणी घाला तिची. जशी माझी हाय तशी." आणि बसली.

साहेबांचा चेहरा उजळला. सौंदर्यावर मत देणं त्यांच्या अधिकारात बसत नव्हतं, पण दिवा आणि पेटणं हा सुरक्षेचा विषय होता, आणि सुरक्षेवर शेरा मारता येतो. "मॅडमची सूचना रास्त आहे. केस कुरळे, मात्र बांधलेले. नमुना मंजूर. पुढचा विषय."

सर आनंदाने माझ्याकडे वळले, मग त्यांना काहीतरी सुचलं. "वेणी म्हणजे सोपं राहते ना?"

सोपं नसतं. कुरळ्या केसांची वेणी म्हणजे आमच्या धंद्यातलं सगळ्यात कठीण काम. तीन पेड एकमेकांवरून जाणार, प्रत्येक पेडात बटा, प्रत्येक बटेला स्वतःचं वळण, आणि मान हलली की हे सगळं पाठीत न घुसता हललं पाहिजे. 

आईला सोडायला बसस्थानकावर गेले. हिंगणघाटची गाडी लागायची होती. बाकावर ती माझं पत्रक पुन्हा उघडून बसली.

"राग आला काय?" मी विचारलं.

"राग कायचा? चांगलं लिहिते तू. बाजार हाय, मक्तेदारी हाय, धिक्कार हाय." तिने कागद माझ्या हातात दिला. "मी कुठी हाय ह्याच्यात? तुले वाटलं बांधलेले केस म्हणजे दाबलेले. मले कोणी बांध म्हणत नाई वं आता. कामाले बरं पडते म्हणून मी बांधतो."

मी कागदाची कोरी बाजू वर केली.

"आई, वेणी कशी घालते ते पाह्यची हाय मले. सुरुवातीपासून."

"इथी? एवढ्या लोकायत?"

"उद्यापासून काम सुरू होते."

तिने स्थानकावर नजर फिरवली. बाकांवर माणसं होती, शेंगदाणेवाला होता, तिच्या स्टाफरूममधल्या त्या दोघी पलीकडे उसाचा रस पीत होत्या. तिने पाठ माझ्याकडे केली, वेणीचं रबर काढलं आणि पेड सोडायला लागली. केस मोकळे झाले तसे फुगत गेले, खांद्यांच्याही बाहेर. त्या दोघींनी ग्लास खाली ठेवले. मी मोबाईल धरला, व्हिडिओ सुरू केला आणि आईची बोटं टिपायला लागले. पहिला पेड धरताना ती तो जरा ओढून घ्यायची. दुसरा सैल सोडायची. तिसऱ्यातून नेमके दोन-चार केस निसटायचे आणि ती ते निसटू द्यायची.

"हे काऊन सोडले?" मी विचारलं.

तोवर गाडी लागली. लोक दाराकडे धावले. आई अर्धी वेणी हातात धरून उठली आणि रबर दातांत पकडून तशीच पायरी चढली. मी खिडकीखालून पुन्हा विचारलं, पण तिच्या तोंडात रबर होतं. तिने फक्त मान हलवली, डोक्याभोवतीचे ते चुकार केस उन्हात हलले, आणि मी मोबाईल बंद केला नाही.